फुटेज ठेवायचं कुठं?

एडिटिंगचा कॉम्प्युटर घ्यायचाय, जरा यादी बघून द्या, असं म्हणत महिन्याकाठी दोघं-तिघं तरी माझ्याकडं येतात. बहुतेक लग्नाच्या शूटिंगमधली पोरं. तीन-चार वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली कॅमेरा धरलेला असतो, आता स्वतःचं काढायचं असतं. खिशात दुकानदारानं दिलेलं कोटेशन असतं. पहिल्या ओळीत प्रोसेसर, दुसऱ्या ओळीत ग्राफिक्स कार्ड, आणि अगदी तळाला, रंगीत दिव्यांच्या पंख्यांच्याही खाली, ‘हार्डडिस्क १ टीबी’. मी ते कोटेशन खालून वर वाचतो.

आणि पहिला प्रश्न विचारतो: भावा, एका लग्नाचं फुटेज किती होतं?

उत्तर सहसा ‘लई होतंय’ एवढंच येतं. तेव्हा हिशेबच मांडू. कॅमेऱ्याच्या मेनूत फुटेजचा दर मेगाबिटमध्ये लिहिलेला असतो. त्या आकड्याला ०.४५ नं गुणलं की तासाला किती जीबी लागणार ते कळतं. फोर-के फुटेज १०० मेगाबिटनं घेतलं तर तासाला ४५ जीबी. २०० मेगाबिटनं घेतलं तर ९०. साधं फुल एचडी ५० मेगाबिटनं, म्हणजे साडेबावीस. आता आपल्याकडचं लग्न धरा: आदल्या दिवशी हळद, सकाळी साखरपुडा, दुपारी अक्षता, संध्याकाळी वरात. दोन कॅमेरे, प्रत्येकी पाच तासांचं रेकॉर्डिंग. दहा तास गुणिले ४५, म्हणजे साडेचारशे जीबी. वर ड्रोन आणि रीलसाठी मोबाइलवर घेतलेलं धरलं की अर्धा टीबी झाला. कोटेशनमधल्या त्या १ टीबीच्या डिस्कवर विंडोज ९३१ जीबीच दाखवतं, कारण कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. म्हणजे दुसऱ्या लग्नालाच डिस्क भरली. सीझनला पंचवीस लग्नं धरली तर साडेबारा टीबी, आणि प्रत्येक फुटेजच्या दोन प्रती ठेवायच्या तर पंचवीस.

हा आकडा ऐकल्यावर पोरगं थोडं गप्प होतं. मग आम्ही कॉम्प्युटरबद्दल बोलायला लागतो.

साठवणीची कामं तीन आहेत आणि तिन्हींना एकच डिस्क वापरायची नाही. पहिलं, आज टाइमलाइनवर असलेलं काम. त्याला एसएसडी लागते. इथं दुकानदार सगळ्यात महागडी, पाचव्या पिढीची एनव्हीएमई दाखवतो: सेकंदाला बारा-चौदा हजार मेगाबाइट. पण आपलं फुटेज १०० मेगाबिटचं, म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. तीन कॅमेरे एकाच वेळी टाइमलाइनवर चालवले तरी चाळीसच्या आत. साधी साटा एसएसडी साडेपाचशे देते, तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई साडेतीन हजार. मग साधी हार्डडिस्क का नको, तीही दीडशे-दोनशे देतेच की? कारण तिच्यात सुई फिरते. तीन फुटेज, गाणं आणि प्रीव्ह्यूच्या फाइली सगळ्या एकदम मागितल्या की सुईची या टोकापासून त्या टोकापर्यंत पळापळ होते आणि प्लेबॅक अडखळतो. एसएसडीत पळणारं काही नसतं. तेव्हा एसएसडी हवीच, पण सगळ्यात वेगवान नको. त्या पैशात दुप्पट मोठी घ्या.

एसएसडी घेताना एक गोष्ट मात्र नीट विचारा: टीएलसी आहे की क्यूएलसी? क्यूएलसीत एका पेशीत चार बिट कोंबलेले असतात, म्हणून ती स्वस्त पडते. सुरुवातीचे काही जीबी ती झपाट्यानं लिहिते. आतली तात्पुरती जागा भरली की तिचा वेग हार्डडिस्कच्याही खाली घसरू शकतो. अर्धा टीबी लग्न तिच्यावर ओतायला घेतलं की हा प्रकार डोळ्यांनी दिसतो. रोजच्या कामाला टीएलसी घ्या, आणि तीही गच्च भरू नका. पाचवा हिस्सा तरी मोकळा ठेवा. विंडोज आणि सॉफ्टवेअर एका एसएसडीवर, चालू काम दुसऱ्या एसएसडीवर असं विभागलं तर सोयीचं पडतं. विंडोज कोसळून नव्यानं टाकावं लागलं तरी कामाला धक्का नाही.

दुसरं काम म्हणजे झालेल्या कामाचा साठा. इथं जुनी हार्डडिस्कच बरी: स्वस्त, मोठी, आणि वीज न मिळता कपाटात पडून राहिली तरी एसएसडीपेक्षा भरवशाची. एसएसडीला वर्षानुवर्षं वीज मिळाली नाही तर तिच्यातला डेटा पुसट होऊ शकतो, म्हणून ती कपाटात ठेवायची वस्तू नव्हे. हार्डडिस्कच्या माहितीपत्रकात ‘सीएमआर’ आणि ‘एसएमआर’ असे दोन शब्द दिसतील. एसएमआरमध्ये डेटाचे पट्टे कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात, त्यामुळं जुनं पुसून नवं लिहिताना ती रडकुंडीला आणते. एकदा भरून ठेवून द्यायची असेल तर एसएमआर चालेल. सतत लिहायची-पुसायची असेल तर सीएमआरच घ्या.

आणि बाजारात ‘१६ टीबी’ लिहिलेली, हाताच्या बोटाएवढी, मातीमोल भावाची एसएसडी कुणी दाखवली तर नमस्कार करून पुढं चला. तिच्यात एखादं जुनं मेमरी कार्ड असतं, फक्त आकडा खोटा दाखवायला शिकवलेलं. भरल्यावर ती जुन्या फाइलींवरच नव्या फाइली लिहीत जाते. कुठलीही नवी डिस्क घेतली की कामाला लावण्याआधी ती एकदा पूर्ण भरून, परत वाचून तपासायची. त्यासाठी फुकट सॉफ्टवेअर मिळतं. एक रात्र जाते, पण जाऊ दे.

तिसरं काम म्हणजे दुसरी प्रत, आणि इथं मला माझीच गोष्ट सांगावी लागेल.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये माझं कामाचं ठिकाण कोल्हापूरच्या शाहूपुरीत तळमजल्यावर होतं. मी शहाणा होतो. सगळ्या कामाच्या दोन प्रती होत्या. दोन्ही एकाच लोखंडी कपाटात, एकाच खालच्या कप्प्यात, नावं घालून व्यवस्थित लावलेल्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, हे कोल्हापुरात शाळकरी पोराला विचारलं तरी सांगेल. पाणी ४३ च्या वर गेल्यावरही मी म्हणत होतो, आपल्या गल्लीत काय येतंय. आलं, कमरेएवढं. कॉम्प्युटरचं कॅबिनेट मी टेबलावर चढवून ठेवलं होतं, ते वाचलं. कपाट कुणाच्या डोक्यात आलं असतं? पुण्याला नेऊन डिस्क दाखवावी म्हटलं तर महामार्गच पाण्याखाली, दिवसचे दिवस बंद. वर एका हितचिंतकाच्या सल्ल्यानं मी एक डिस्क उन्हात वाळवली आणि कॉम्प्युटरला जोडून पाहिली. जी कदाचित वाचली असती, तीही गेली. भिजलेल्या डिस्कला वीज लावायची नसते, हे मला नंतर कळलं. आतल्या चकत्यांवर गाळ असतो आणि सुई तो गाळ घेऊन फिरते. तांदळाच्या डब्यात घालायची नाही, हेअर ड्रायर मारायचा नाही. आहे तशी पिशवीत घालून डेटा परत काढणाऱ्या जाणकाराकडं पोचवायची. त्या कपाटात अकरा लग्नं होती. त्यातल्या चार घरी मी स्वतः जाऊन सांगितलं. बाकीच्यांकडं अल्बमबरोबर दिलेली डीव्हीडी होती, ते तेवढ्यावर समाधान मानून राहिले.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला तेव्हा माझ्या डिस्का राजारामपुरीत, मेव्हण्याच्या दुसऱ्या मजल्यावर होत्या.

तेव्हा नियम असा: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या छपराखाली. जगभरचे फोटोग्राफर आणि एडिटर हा ३-२-१ चा हिशेब पाळतात. आपल्या गावात मी त्यात आणखी एक कलम घालतो, की ते दुसरं छप्पर पूररेषेच्या बाहेर हवं. दुकान व्हीनस कॉर्नरला आणि दुसरी प्रत दसरा चौकातल्या मित्राकडं, हे दोन छपरांचं सोंग झालं. विद्यापीठाकडच्या उंच भागात कुणी ओळखीचं असेल तर बघा. कुणी म्हणेल, माझ्याकडं दोन डिस्कांची रेड आहे, एक गेली तरी दुसरीत सगळं असतं. खरं आहे, डिस्क खराब झाली तर रेड वाचवते. पण पाणी, चोर, व्हायरस आणि चुकून दाबलेलं डिलीट यांना दोन्ही डिस्का एकाच वेळी सापडतात.

क्लाउडवर टाकू का, हा पुढचा प्रश्न. १०० मेगाबिट अपलोडची लाइन अगदी पूर्ण वेगानं चालली तरी पाचशे जीबी चढायला अकरा तास लागतात, आणि पूर्ण वेगानं ती चालत नाही. सगळं कच्चं फुटेज वर ठेवणं सीझनमध्ये परवडायचंही नाही. पण तयार झालेली फिल्म, टीझर आणि प्रोजेक्टची फाइल एवढं जरूर ठेवा. प्रोजेक्टची फाइल काही मेगाबाइटची असते आणि तिच्यात तुमची पंधरा दिवसांची मेहनत असते.

हे सगळं सिनेमावाल्यांच्या गावात सांगावं लागतं याचं मला जरा नवल वाटतं. १९३१ चा ‘आलम आरा’ हा भारतातला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत आज उरलेली नाही. त्याच्या पुढच्याच वर्षी प्रभातनं इथं कोल्हापुरात केलेला ‘अयोध्येचा राजा’ मात्र आज पाहता येतो, आणि उरलेल्यांतला सगळ्यात जुना भारतीय बोलपट म्हणून त्याचं नाव घेतात. त्या काळची फिल्म नायट्रेटची, भडकन पेटणारी. २००३ च्या जानेवारीत पुण्यात, पूर्वीच्या प्रभातच्याच आवारात, नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि कितीतरी जुनी रिळं गेली. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत, १९४८ मध्ये, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. त्यांनी तो पुन्हा उभा केला. स्टुडिओ पुन्हा बांधता येतो, सिनेमाही पुन्हा काढता येतो. अक्षता पुन्हा टाकून घेता येत नाहीत.

आता कोटेशनच्या वरच्या ओळी.

प्रोसेसरबद्दल लोक ‘आय-फाइव्ह की आय-सेव्हन’ एवढंच विचारतात. त्याहून कामाचा प्रश्न असा: तुमचा कॅमेरा कोणत्या प्रकारचं फुटेज देतो? हल्लीचे बरेच कॅमेरे एच.२६५ मध्ये, दहा बिट, चार-दोन-दोन रंगाचं फुटेज देतात. रंग सुधारायला ते उत्तम, पण उलगडायला कॉम्प्युटरला जड. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्समध्ये हे फुटेज उलगडणारा खास भाग आहे. दुकानदार दोन-अडीच हजार स्वस्त म्हणून ज्याच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ आहे तो प्रोसेसर देतो. त्या ‘एफ’चा अर्थ आतलं ग्राफिक्सच नाही. म्हणजे नेमका तोच भाग गेला. गेम खेळणाऱ्याला फरक पडत नाही, आपल्याला टाइमलाइनच्या प्रत्येक सेकंदाला पडतो. एएमडीचे रायझन एरवी दमदार, पण ९००० मालिकेपर्यंत त्यांच्यात या चार-दोन-दोनची सोय नाही. एनव्हिडियानं ती २०२५ मध्ये आलेल्या ५० मालिकेच्या कार्डांत आणली. आधीच्या कार्डांत नव्हती. तेव्हा रायझन घ्यायचा असेल तर जोडीला ५० मालिकेतलं कार्ड, नाहीतर बिगर-एफ इंटेल. तुमचा कॅमेरा आठ बिट एच.२६४ च देत असेल तर या सगळ्याची काळजी सोडा. ते कशावरही पळतं.

सेकंडहँडमध्ये तेराव्या-चौदाव्या पिढीतला इंटेलचा वरच्या दर्जाचा प्रोसेसर स्वस्तात मिळत असेल तर जपून. जास्त व्होल्टेजमुळं हे प्रोसेसर हळूहळू खराब होत होते, हे इंटेलनं २०२४ मध्ये मान्य केलं. बायोस अपडेट केल्यावर पुढचं नुकसान थांबतं, आधी झालेलं भरून येत नाही.

ग्राफिक्स कार्ड किती मोठं घ्यायचं हे सॉफ्टवेअरवर अवलंबून. दाविंची रिझॉल्व्ह बराचसा भार कार्डावर टाकतं. त्यासाठी फोर-केला ८ जीबी मेमरी किमान, १२ असेल तर निवांत. प्रीमियर प्रोसेसरवर जास्त विसंबतं. रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती फोर-के, ६० फ्रेमपर्यंत एक्सपोर्ट देते, लग्नाच्या कामाला ते पुरतं. पण काही प्रकारचं फुटेज त्या आवृत्तीत वेगानं उलगडत नाही. रॅम ३२ जीबी, आणि ती एका पट्टीत नको, १६-१६ च्या दोन पट्ट्या. दोन रस्ते उघडे असले की वेग वाढतो. भाव मी मुद्दाम लिहीत नाही. मेमरीचे दर महिन्यागणिक उड्या मारतात, आजचा आकडा लेख हातात पडेपर्यंत शिळा होईल.

हे सगळं पाठ करण्यापेक्षा एक काम करा. स्वतःच्या कॅमेऱ्याचं पाच मिनिटांचं फुटेज पेनड्राइव्हवर घ्या आणि दुकानात जा. तसाच कॉम्प्युटर तिथं मांडलेला असतो किंवा कुणाकडं तरी बसवून दिलेला असतो. त्यावर फुटेज उतरवून घ्या, तीन थर टाका, रंगाचा एक इफेक्ट लावा आणि चालवून बघा. दुकानदार कुरकुरला तर दुसरं दुकान. बाबूराव पेंटरांनी या गावात स्वतः कॅमेरा बनवला आणि त्यावर ‘सैरंध्री’ काढला, १९२० साली. आपल्याला तर फक्त असेंबल केलेला डबा तपासून घ्यायचाय.

आणि तपासूनही अडखळलाच, तर लगेच नवा घेऊ नका, प्रॉक्सी करा. रात्री झोपताना सॉफ्टवेअरला सांगायचं, की या फुटेजच्या हलक्या एचडी प्रती बनव. तासाला सतराएक जीबीच्या त्या प्रतींवर कापाकापी करायची, एक्सपोर्टच्या वेळी मूळ फुटेज आपोआप जोडलं जातं. सहा वर्षं जुन्या कॉम्प्युटरवर मी अशी दोन सीझन काढली आहेत. ज्याच्याकडं आज पैसे एकाच गोष्टीपुरते आहेत, त्यानं जुन्याच कॉम्प्युटरवर प्रॉक्सी करावी आणि पैसे डिस्कांत घालावेत.

मॅक मिनी घेऊ का, असंही विचारतात. एम-फोर चिपचा मिनी एच.२६५ चं चार-दोन-दोन फुटेज सहज उलगडतो, वीज कमी खातो, आवाज नाही. अडचण एकच: साधा मिनी १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवण घेऊन येतो, आणि रॅम नंतर वाढवता येत नाही. साठवण बाहेरून जोडता येते, आणि जोडावीच लागते. तेव्हा घेतानाच रॅम जास्तीची घ्या.

विजेकडं मात्र कुणी बघत नाही. उन्हाळ्यात वळवाचा पाऊस आला की लाइट जाते-येते, जाते-येते. एक्सपोर्ट चालू असताना असं झालं तर फाइल जातेच, कधी डिस्कही जाते. ग्राफिक्स कार्डवाला कॉम्प्युटर भर कामात चारशे-पाचशे वॅट ओढतो. त्याला ६०० व्हीएचा छोटा यूपीएस म्हणजे बैलाच्या जागी बोकड. निदान १ केव्हीएचा घ्या, आणि त्यावर कॉम्प्युटर, मॉनिटर आणि बाहेरच्या डिस्का एवढंच. प्रिंटर नको. एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा, ६५० वॅटचा; ‘कॅबिनेटबरोबर फुकट’ आलेला काढून ठेवा. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर ते गमतीचं लक्षण नाही.

जोतिबाच्या चैत्र यात्रेचं शूटिंग करणाऱ्यांसाठी एक खास सूचना: गुलाल. कॅमेऱ्याची बॅग घरी आल्यावर ज्या खोलीत कॉम्प्युटर आहे तिथं उघडू नका. तो गुलाबी थर पंख्यातून आत ओढला जातो आणि पहिल्या पावसात, हवेत ओल आली की, चिकटून बसतो. एकाच्या ग्राफिक्स कार्डाच्या पंख्यातून मी जुन्या टूथब्रशनं गुलाल काढला आहे. कार्ड वाचलं, ब्रश मात्र अजून गुलाबी आहे.

मॉनिटरला आयपीएस पॅनल आणि पूर्ण एसआरजीबी रंग एवढं बघा, बाकी आवड आपापली. कार्ड रीडर मात्र चांगला घ्या. साध्या रीडरमधून सेकंदाला नव्वद मेगाबाइट येतात, म्हणजे एक लग्न उतरवायलाच दीड तास. दोन प्रती झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, वरातीतून पहाटे तीनला आलात तरी. कॉपी करताना फाइली ताडून बघणारं सॉफ्टवेअर वापरा. विंडोजची साधी कॉपी ‘झालं’ म्हणते, पण तंतोतंत झालं का ते बघत नाही.

आणि डिस्कांचा खर्च एकट्यानं का सोसायचा? ऑर्डर घेतानाच बिलावर लिहा, की कच्चं फुटेज अमुक महिने आमच्याकडं राहील, त्यानंतर जबाबदारी नाही. मूळ फुटेज हवं असेल तर हार्डडिस्कचे वेगळे पैसे. दहातले सात-आठ जण हो म्हणतात. अल्बम द्यायला जाल तेव्हा त्याच पिशवीत ती डिस्क घाला. पोरीकडच्यांचं घर गडहिंग्लजला, पोराकडच्यांचं कागलला असेल तर दोघांनाही एकेक द्या. तुमची तिसरी प्रत पाहुण्यांच्या पैशानं, पाहुण्यांच्या कपाटात, तुमच्या गल्लीपासून वीस-साठ किलोमीटर लांब. देताना तिथंच, त्यांच्या टीव्हीला नाहीतर लॅपटॉपला लावून, मधलाच कुठला तरी एक तुकडा चालवून दाखवा. सुरुवातीचा नको, सुरुवात नेहमीच चालते.